संगणकाच्या खोलीची किल्ली

आपल्या समाजात घरातील मंगल प्रसंगी किंवा वडीलधाऱ्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळेला काही भेट देण्याची जुनी आणि चांगली प्रथा आहे. पूर्वी पाण्याची टाकी, भिंतीवरचे घड्याळ, नकाशे, बाके अशा वस्तू दिल्या जात. टाकीवर किंवा बाकाच्या पाठीवर दात्याचे नाव तेलरंगात लिहिलेले असे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या यादीत संगणकाची भर पडली. हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु बाक आणि संगणक यांत एक मोठा फरक आहे. बाक वर्गात ठेवला की मूल त्यावर बसते, त्याला बसायला शिकवावे लागत नाही. संगणक वर्गात ठेवला म्हणजे मूल शिकते, असे मात्र होत नाही. मधे कोणीतरी माणूस असावा लागतो. त्या माणसाविषयीच मला आज चार शब्द लिहायचे आहेत.

आमचे गंगाखेड गोदावरीच्या काठी, परभणी-परळी लोहमार्गावर वसलेले. संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. आमच्या घरी मोंढ्यात आडतीचे दुकान. रोजमेळ आणि खतावणीच्या लाल वह्या जाऊन दुकानाचे हिशेब संगणकावर आले, तेव्हा घरातील कोणीतरी ते शिकून घेणे भाग होते. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी होती. म्हणून २००४ साली, वयाच्या चाळिशीत, मी एम.एस.-सी.आय.टी.चा वर्ग लावला आणि परीक्षा दिली. एवढीच माझी या विषयातील पात्रता. पुढे बरीच वर्षे दुकानाची बिले आणि पावत्या करण्यापलीकडे त्या विद्येचा काही उपयोग होईल असे मला वाटले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी गावातील एका प्राथमिक शाळेत काही कामानिमित्त जाणे झाले. तेथे एका सज्जन कुटुंबाने दिलेले पाच संगणक होते. त्यांतील एक कार्यालयात होता आणि दिवसभर चालत होता. उरलेले चार एका खोलीत, फुलाफुलांच्या आच्छादनांखाली झाकलेले होते आणि खोलीला कुलूप होते. मुख्याध्यापक मोकळ्या मनाचे गृहस्थ. ते म्हणाले, “काकू, किल्ली माझ्याकडेच आहे. पण खोली उघडून तिथं बसायला माणूस नाही.” त्यांचे म्हणणे खरे होते. चार इयत्ता आणि तीन शिक्षक. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरायची, पोषण आहाराची नोंद करायची, वेगवेगळे अहवाल पाठवायचे. म्हणून कार्यालयातला संगणक शिक्षकांच्या हातून सुटत नाही आणि खोलीतल्या संगणकांना कोणाचा हात लागत नाही. शिक्षकांना दोष देण्याची आपली रीत सोपी आहे. पण एकाच वेळी दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाने तिसऱ्या खोलीत जाऊन सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हाती नाजूक यंत्रे कशी द्यावीत, याचा विचार दूर बसून कोणी करत नाही.

मी आठवड्यातून दोन दिवस यायचे कबूल केले. घरी हे सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला, “आजकालच्या लेकरांना काय शिकवायचं? ती तर मोबाईल आपल्यापेक्षा भराभर चालवतात.” हा समज सार्वत्रिक आहे आणि वरवर पाहता खराही वाटतो. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. मधल्या काळात, २०२० च्या मार्चमध्ये, शाळा बंद झाल्या होत्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने घराघरात फोन आला. मात्र त्याच पाहणीत असेही दिसले, की घरात फोन असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासासाठी वापरायला मिळत नव्हता. आणि ज्यांना मिळतो ती मुले त्यावर करतात काय? अंगठ्याने वर सरकवतात आणि समोर येईल ते पाहतात. पाहणे आणि करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिसरीतील ज्या मुलाला फोनवर हवा तो व्हिडिओ काढता येत होता, त्याला स्वतःचे नाव त्यात कसे लिहायचे हे ठाऊक नव्हते. काढलेले चित्र बंद केल्यावर कुठे जाते, हा प्रश्न तर त्याला कधी पडलाच नव्हता.

पहिले दोन आठवडे मी खोलीचे कुलूप काढलेच नाही. वर्ग अंगणात भरवला. एका मुलाने ‘यंत्र’ व्हायचे आणि बाकीच्यांनी त्याला सूचना द्यायच्या, असा खेळ मांडला. नियम एकच : यंत्र सांगितले तेवढेच करील, मनाने काही करणार नाही. एकाने हुकूम दिला, “पुढं चल.” यंत्र झालेला मुलगा चालत सुटला आणि थेट भिंतीला जाऊन टेकला, तरी पाय उचलतच राहिला. सगळा वर्ग हसला. पण हसता हसता त्यांना उमगले, की किती पावले हे सांगायलाच हवे. मग “पाच पावलं पुढे, उजवीकडे वळ” असे चार वेळा सांगून त्यांनी अंगणात चौकोन काढला. मुलाच्या हाती खडू होता. रेघा जमिनीवर उमटत गेल्या. या खेळाचे मूळ जुने आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात एक कासव असते आणि मूल त्याला पुढे जायला, वळायला सांगून चित्रे काढते. मूल आपल्या अंगाच्या हालचालीतून विचार करते, हे पॅपर्ट यांनी ओळखले होते. आमच्याकडे कासव नव्हते, तिसरीतला एक मुलगा होता. काम तेच झाले.

खोली उघडल्यावर खरी कसोटी लागली ती माऊसची. मोठ्या माणसाच्या तळहातासाठी घडवलेली ती वस्तू मुलांच्या हातात मावत नाही. डावे बटण कोणते आणि उजवे कोणते हे सांगून कळत नाही, कारण डावे-उजवेच अजून पक्के नसते. मी घरून हळदीची डबी नेली आणि प्रत्येकाच्या तर्जनीला एक ठिपका लावला. “पिवळ्या बोटानं दाबायचं,” एवढे सांगणे पुरले. लागोपाठ दोनदा दाबणे लहान बोटांना जमत नाही. दुसऱ्या वेळी माऊस सरकतो आणि मूल हिरमुसते. मग एकदा दाबून निवडायचे आणि एंटर दाबायचे, अशी वाट काढली. खुर्चीवर पाय लोंबकळत राहिले की मूल अस्वस्थ होते, म्हणून पायांखाली लाकडी पाट ठेवले. या गोष्टी कोणत्याही पुस्तकात नसतात. जवळ बसणाऱ्यालाच त्या दिसतात.

चित्र काढण्यासाठी ‘टक्स पेंट’ आणि खेळांतून अक्षरे, आकडे, आकार यांची ओळख करून देण्यासाठी ‘जीकॉम्प्रिस’ असे दोन कार्यक्रम भाच्याने संगणकांवर घालून दिले. दोन्ही विनामूल्य आहेत आणि इंटरनेट नसले तरी चालतात. आमच्याकडे ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. विजेचे वेळापत्रक मात्र आमच्या हाती नव्हते. वीज गेली की मुलांना घेऊन पुन्हा अंगणात जायचे आणि ‘यंत्राचा’ खेळ मांडायचा, असे ठरून गेले.

वर्गात अठ्ठावीस मुले आणि संगणक चार. पाचवा कार्यालयातच राहिला. निम्मा वर्ग गुरुजींपाशी, निम्मा माझ्यापाशी. तरीही एका यंत्रापुढे तीन-चार मुले येत. आरंभी मला ही अडचण वाटली. महिन्याभरात तीच सोय आहे असे ध्यानात आले. एकाच्या हाती माऊस, दुसऱ्याच्या हाती कीबोर्ड, तिसऱ्याने फक्त सांगायचे आणि चौथा असेल तर त्याने चुका शोधायच्या. दहा मिनिटांनी पाळी बदलायची. सांगणाऱ्याने हात लावायचा नाही, हा कडक नियम. त्यामुळे सांगणाऱ्याला शब्द शोधावे लागतात. “ते तिकडचं दाब” म्हणून भागत नाही. “वरच्या ओळीतलं डावीकडून तिसरं” असे म्हणावे लागते. जी मुले वर्गात तोंड उघडत नसत, ती या पाळीत बोलू लागली.

या ठिकाणी एका जगप्रसिद्ध प्रयोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी वस्तीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला. कोणी शिकवणारे नव्हते. मुलांनी घोळका करून, एकमेकांना विचारत, तो चालवायला शिकून घेतले. या प्रयोगावरून ‘मुलांना शिक्षकाची गरजच नाही’ असा अर्थ काही लोक काढतात. परंतु मित्रा स्वतः पुढे एका वेगळ्या वाटेने गेले. मुलांच्या पाठीशी एखादी प्रेमळ व्यक्ती उभी राहिली, तिने कौतुक केले, ‘हे तू कसं केलंस रे?’ असे आजीसारखे विचारत राहिली, तर मुले अधिक पुढे जातात, असे त्यांना आढळले. त्यातून इंग्लंडमधील स्वयंसेवक, त्यांत अनेक निवृत्त शिक्षिका आणि आज्या, पडद्यावरून भारतातील मुलांशी बोलू लागल्या. २०१३ मध्ये मित्रांना ‘टेड’ पारितोषिक मिळाले आणि त्यातून जी केंद्रे उभी राहिली, त्यांतील एक आपल्या महाराष्ट्रात, फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होते.

हे वाचल्यावर मला हसू आले आणि धीरही आला. इंग्लंडमधील आजी इतक्या दुरून जे काम करते, ते गावातील आजीला तर चार गल्ल्या ओलांडून करता येईल. तिला संगणकातले सगळे यायला हवे असेही नाही. मला कितीतरी गोष्टी येत नव्हत्या. मूल विचारी, “आजी, हे कसं करायचं?” मी म्हणे, “मला ठाऊक नाही, आपण पाहू.” मोठ्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसते आणि ते माणूस ती शोधून काढते, हे मुलांना प्रथमच दिसत होते.

आता अक्षरांकडे येते. कीबोर्डवर छापलेली अक्षरे इंग्रजी असतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे मुलांना ती अक्षरे ओळखता येतात. पण त्या अक्षरांत मराठी शब्द बसवणे ही वेगळीच कसरत आहे. ‘खेड’ लिहायला इंग्रजी अक्षरे किती आणि कोणती, हा हिशेब सात वर्षांच्या मुलाने का करावा? म्हणून मी इन्स्क्रिप्ट पद्धत निवडली. भारतीय भाषांसाठी सरकारने प्रमाणित केलेली ही पद्धत प्रत्येक संगणकात असतेच, आपण ती उघडून पाहत नाही, एवढेच. चिकटपट्टीवर मराठी अक्षरे लिहून मी ती बटणांवर लावली.

ही पद्धत शिकवताना मला तिच्या रचनेचे फार कौतुक वाटले. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला. व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. मधल्या ओळीत प, क, त, च, ट ही पाच वर्गांची पहिली अक्षरे. त्यांच्या वरच्या ओळीत, त्याच क्रमाने, ब, ग, द, ज, ड. शिफ्ट धरून क दाबले की ख, ग दाबले की घ. शिफ्ट धरून काना दाबला की पूर्ण आ. म्हणजे मुलांनी पहिलीत जी वर्णमाला पाठ केली, तीच येथे बटणांवर घडी घालून ठेवलेली आहे. मी त्यांना म्हटले, “क जोरात म्हटला, तोंडातून वारा सोडला, की काय होतं?” “ख!” “मग शिफ्ट म्हणजे वारा सोडायचं बटण.” त्यानंतर घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरे त्यांनी मला न विचारता शोधली. जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडायचा हे त्यांना पाटीवरून ठाऊक होतेच. येथे पाय मोडायलाही एक बटण आहे, याची त्यांना मोठी गंमत वाटली.

सर्वांत मजेदार गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. पाटीवर ‘कि’ लिहिताना कितीतरी मुले वेलांटी आधी काढतात आणि मग क लिहितात. संगणकात आधी क दाबावा लागतो, नंतर वेलांटी; आणि मग ती वेलांटी टुणकन उडी मारून क च्या डावीकडे जाऊन बसते. मुलांनी हे वीस वेळा करून पाहिले. एका मुलीने विचारले, “ती मागं का पळती?” मी म्हटले, “तू ‘कि’ म्हणून बघ. तोंडात आधी काय येतं?” ती दोन-तीनदा पुटपुटली आणि म्हणाली, “आधी क.” संगणक अक्षरे बोलण्याच्या क्रमाने साठवतो आणि लिहिण्याच्या क्रमाने दाखवतो, हे तंत्र त्या मुलीने एका वाक्यात गाठले. त्या दिवशी फळ्यावर मी ‘गंगाखेड’ लिहिले आणि त्यातील चिन्हे मोजायला सांगितली. ग, अनुस्वार, ग, काना, ख, मात्रा, ड : सात. शिफ्ट फक्त एकदा, ख साठी. आठवड्याभरात सगळ्या वर्गाला आपल्या गावाचे नाव लिहिता येऊ लागले.

चुकीविषयीही सांगायला हवे. आमच्या मुलांच्या मनात चुकीची फार धास्ती असते. वहीत खाडाखोड झाली की ओरडा बसतो. म्हणून न चुकणारी मुले तीच असतात जी काही करतच नाहीत. संगणकावर कंट्रोल धरून एक बटण दाबले की केलेली गोष्ट मागे जाते. मुलांनी तिला ‘उलट बटण’ असे नाव दिले. ते कळल्यावर त्यांची चित्रे बदलली. आधी प्रत्येक जण कोपऱ्यात एक लहानसे घर काढी. आता सगळा पडदा भरून नदी, होड्या, घाट दिसू लागले. बिघडले तर उलट करता येईल, हा विश्वास आला की हात मोकळा होतो.

वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. आमच्या तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून अशी पुष्कळ कुटुंबे जातात. मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली आहे, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. पण घरी लहान भावंड असले की त्याला सांभाळायला थोरल्या बहिणीला जावेच लागते. या मुलीला धाकटा भाऊ होता. जाण्यापूर्वीच्या शेवटच्या तासाला तिने बैलगाडीचे चित्र काढले आणि खाली आपले नाव लिहिले. सेव्ह करणे म्हणजे काय हे मी मुलांना दुकानातील उदाहरणाने समजावले होते : जुन्या वह्या आम्ही बासनात बांधून फडताळात ठेवत असू, तसेच हे फडताळ, प्रत्येकाचे बासन वेगळे. तिने आपले बासन दोनदा उघडून पाहिले, चित्र आत आहे याची खात्री केली आणि गेली.

चार-साडेचार महिन्यांनी, उन्हे तापू लागली तेव्हा ती परत आली. अंगाने वाळली होती, हातांवर पाचटाचे चरे होते. पाढे मागे पडले होते, वाचन अडखळत होते. वर्गातल्या मुलांनी मधल्या काळात बरेच काही शिकले होते आणि तिला ते दिसत होते. तिने मला एकच विचारले, “आजी, माझं चित्र हाय का अजून?” संगणक सुरू केला, तिने स्वतः आपले बासन शोधले. बैलगाडी होती तशीच होती, नावही होते. मग खुर्चीवर बसून तिने त्या बैलगाडीवर उसाच्या मोळ्या रचायला सुरुवात केली. उसाची गाडी कशी भरतात हे वर्गात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. बाकीची मुले तिच्याभोवती गोळा झाली आणि विचारू लागली. पुढचे पंधरा मिनिटे तीच शिक्षिका होती.

ज्या गावात जनाबाई जन्मल्या त्या गावात हे घडले, याचा मला राहून राहून विचार येतो. परंपरा सांगते, की लहान वयातच त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या आणि तेथे दळणकांडण, झाडलोट करीत राहिल्या. कामाच्या ओझ्याखाली वाढलेल्या त्या मुलीचे शब्द टिकले, म्हणून सातशे वर्षांनंतर आपण तिचे नाव घेतो. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या वाट्याला तसे काही मोठेपण यावे असे मी म्हणत नाही. पण कष्टाला जाणाऱ्या मुलीचे काहीतरी शाळेत जपून ठेवलेले असावे, तिने परत यावे म्हणून वाट पाहणारे काही असावे, एवढे तरी आपण करू शकतो.

आता दोन आक्षेपांविषयी. पहिला डोळ्यांचा आणि सवयीचा. तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी तर अधिक चांगले, अशी सांगितली आहे. आमची मुले त्याहून मोठी, तरी एका मुलापुढे पडदा वीस मिनिटांपेक्षा जास्त राहू नये हे मी पाळते आणि मधे खिडकीतून बाहेरच्या लिंबाकडे पाहायला लावते. पाटी आणि वही सुटता कामा नये. संगणक त्यांच्या जागी नाही, त्यांच्या नंतर आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा : “नुसती चित्रं काय काढता, त्यांना कोडिंग शिकवा.” पालकांची ही घाई मला समजते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेसुद्धा कोडिंगचा आरंभ सहावीपासून सांगितला आहे. तिसरीतल्या मुलाने क्रमाने सूचना देणे, चूक शोधणे, केलेले जपून ठेवणे आणि पाळीची वाट पाहणे एवढे शिकले, तर पुढच्या सगळ्याचा पाया त्यात आला. प्रजासत्ताक दिनाला पाहुण्यांपुढे संगणकाच्या भागांची इंग्रजी नावे घडाघडा म्हणून दाखवणे म्हणजे संगणकाचे शिक्षण नव्हे.

महाराष्ट्रात या वाटेने पुष्कळ जण आधी चालून गेले आहेत. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात या लहानशा गावी, चारही इयत्ता एकाच खोलीत भरणाऱ्या शाळेत, ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाची हिरव्या-पांढऱ्या रंगांची छोटी यंत्रे आली होती. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या शाळेने डिजिटल वर्गाचा धडा इतर शाळांपुढे ठेवला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. या सर्व ठिकाणी यंत्रे निरनिराळी होती. यंत्राशेजारी मुलांसाठी वेळ देणारा माणूस मात्र प्रत्येक ठिकाणी लागला.

म्हणून माझी वाचकांना, विशेषतः माझ्या वयाच्या भगिनींना, विनंती आहे. आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. शाळेला संगणक देण्याचा विचार घरात असेल तर तो जरूर अमलात आणा. पण देणगीचा धनादेश लिहिण्याआधी चार गोष्टी ठरवा. आठवड्याचे दोन तास कोण देणार, तिचे किंवा त्याचे नाव ठरवा. वीज गेली तर काय आणि यंत्र बिघडले तर कोण, याची तजवीज करा. वर्षाच्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. आणि खोलीची किल्ली कोणाकडे राहील हे मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. दुकान मुलांच्या हाती सोपवून ज्यांच्या दुपारी मोकळ्या झाल्या आहेत, ज्यांनी कधी काळी हिशेबासाठी संगणक हाताळला आहे, अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन एकदा विचारावे. बंद खोल्या पुष्कळ आहेत, आणि शाळा किल्ली द्यायला तयार असतात.